अत्तराची शिशी आणि विमानाचे माप
हवाई मार्गाने थोडा माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी जाणून घ्यावे असे काही

रमजानला पंधरा दिवस उरले असताना आमच्या परिचयाच्या एका अत्तर व्यापाऱ्याचे चार खोके सहारच्या कार्गोमधून परत आले. दुकान मोहम्मद अली रोडच्या परिसरातले, तीन पिढ्यांचे. माल दुबईच्या एका दुकानदाराने मागवलेला. ईदच्या आत पोहोचला तर सोने, ईदनंतर पोहोचला तर माती. खोक्यांवर 'कॉस्मेटिक्स' एवढेच लिहिले होते. तपासणीत आत ५० मिलिलिटरच्या फवाऱ्याच्या शिश्या निघाल्या. त्यांत अल्कोहोल होते. माल अडवला गेला, कागदपत्रे मागवली गेली, खुलासा लिहून द्यावा लागला. ईद निघून गेली. दुबईच्या दुकानदाराने पुढची मागणी दुसरीकडे दिली.

आम्ही त्यांना भेटलो तेव्हा ते संतापलेले होते. "आम्ही काय बारूद पाठवत होतो? अत्तरच होते ना!" असा त्यांचा सवाल. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण सवालाचे उत्तर त्यांना आवडणार नाही. विमान वाहतुकीच्या दृष्टीने अल्कोहोलचे अत्तर हा धोकादायक मालच आहे. मात्र त्याच नियमांत थोड्या मालासाठी मोठी सवलतही आहे. त्या सवलतीचे माप त्यांना कोणी समजावून सांगितले असते, तर बहुतेक माल वेळेवर दुबईला उतरला असता. ते माप आज आपण समजून घेऊ.

नियम कोणाचा?

विमानातून धोकादायक माल कसा न्यावा याचे तांत्रिक नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे 'आयकाओ', ठरवते. ही संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्था आहे. विमान कंपन्यांची संघटना 'आयाटा' त्यांच्याच आधारे दरवर्षी एक जाडजूड नियमपुस्तिका काढते. नवी आवृत्ती १ जानेवारीपासून लागू होते. कार्गोच्या खिडकीवर तुमचा माल ज्या पुस्तकावरून तपासला जातो ते हेच. भारतात १९३४ च्या विमान कायद्याखाली २००३ मध्ये धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे नियम करण्यात आले. २०२० च्या दुरुस्तीने या कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा १० लाखांवरून १ कोटी रुपयांवर नेण्यात आली. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे 'डीजीसीए'ची.

इतका कडकपणा कशासाठी?

व्यापारी बांधवांना वाटते की हा सारा अडवणुकीचा प्रकार आहे. दोन घटना पाहा.

३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचे एक मालवाहू बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघाले होते. मालात नायट्रिक अ‍ॅसिडच्या बाटल्या होत्या आणि त्या लाकडी पेट्यांत भुश्यात बसवल्या होत्या. आपल्याकडे सोनारकाम करणारा कोणीही सांगेल की हे अ‍ॅसिड लाकडाला लागले तर काय होते. बाटली गळली, भुसा पेटला, विमानात धूर कोंडला. बोस्टनला उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि आतले तिघेही कर्मचारी ठार झाले. अ‍ॅसिड पाठवणाऱ्याचा कोणताही दुष्ट हेतू नव्हता. त्याचे पॅकिंग चुकले होते.

११ मे १९९६ रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेट कंपनीचे प्रवासी विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले. ११० माणसे गेली. मालाच्या कप्प्यात ऑक्सिजन तयार करणारी जुनी यंत्रे होती. कागदावर ती 'रिकामी' म्हणून दाखवली होती. प्रत्यक्षात ती भरलेली होती.

पहिल्या घटनेत पॅकिंग खोटे, दुसऱ्या घटनेत कागद खोटा. पुढे जे नियम सांगतो आहोत ते याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

आपले अत्तर कोणत्या वर्गात?

सगळी अत्तरे सारखी नसतात. द्रवाचा 'फ्लॅश पॉइंट' किती, यावर सारे ठरते. ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने क्षणभर पेटते तो त्याचा फ्लॅश पॉइंट. तो ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर तो माल वर्ग ३ मध्ये, म्हणजे ज्वालाग्राही द्रवांत मोडतो. अल्कोहोलचा हा आकडा १३ ते १७ अंशांच्या आसपास आहे. घरातल्या रॉकेलचा ३५ अंशांच्या वर असतो. म्हणजे जे रॉकेल विमानात न्यायची कल्पनाही आपण करणार नाही, त्याच्यापेक्षा फवाऱ्याचे अत्तर लवकर पेट घेते.

वर्ग ३ मध्येही पोटवर्ग आहेत. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असेल तर माल साधारणपणे पॅकिंग गट दोनमध्ये जातो. २३ ते ६० च्या दरम्यान असेल तर गट तीनमध्ये. अल्कोहोलचे अत्तर बहुधा गट दोनमध्येच बसते. त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन १२६६, नाव 'परफ्युमरी प्रॉडक्ट्स'.

कनौजच्या पद्धतीने देग-भपक्यात काढलेल्या, चंदनतेलाच्या आधारावरच्या अस्सल अत्तराची गोष्ट वेगळी. चंदनतेलाचा फ्लॅश पॉइंट ६० अंशांच्या बराच वर असतो. त्यामुळे असे अत्तर वर्ग ३ मध्ये येत नाही. काही सुगंधी तेलांना पाण्यातील जीवांना अपायकारक म्हणून वर्ग ९ लागतो. पण ५ लिटरपर्यंतच्या बाटल्यांना, पॅकिंग नीट असेल तर, त्यातूनही सूट आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेलात अल्कोहोल मिसळून ते पातळ केले की आकडा झपकन खाली येतो. आणि प्रत्येक तेल चंदनासारखे जड नसते. लिंबू, संत्रे, निलगिरी यांची तेले ५० अंशांच्या आसपासच पेट घेतात. तेव्हा 'आमचे तर तेलाचे अत्तर आहे' एवढे तोंडी सांगून भागणार नाही. उत्पादकाकडून मालाचे सुरक्षा पत्रक, म्हणजे एसडीएस, मागून घ्यावे. त्यात १६ विभाग असतात. नवव्या विभागात फ्लॅश पॉइंट आणि चौदाव्यात वाहतुकीचा वर्ग दिलेला असतो. हे दोन विभाग वाचता आले तरी निम्मे काम झाले.

सवलतीचे माप

थोड्या मालासाठी जी सवलत आहे तिला 'एक्सेप्टेड क्वांटिटी' म्हणतात, म्हणजे सूट दिलेले प्रमाण. प्रत्येक धोकादायक मालापुढे पुस्तकात ई० ते ई५ असा एक संकेत छापलेला असतो. त्याचा अर्थ असा:

ई० – या सवलतीत अजिबात नाही.
ई१ – एका शिशीत ३० ग्रॅम किंवा मिलिलिटर. एका खोक्यात १ किलो किंवा १ लिटर.
ई२ – शिशीत ३०, खोक्यात ५००.
ई३ – शिशीत ३०, खोक्यात ३००.
ई४ – शिशीत १, खोक्यात ५००.
ई५ – शिशीत १, खोक्यात ३००.

अल्कोहोलच्या अत्तराला, गट दोनसाठी, ई२ लागतो. गट तीनसाठी ई१.

आता दुकानातला हिशेब करू. गट दोनच्या अत्तराची १२ मिलिलिटरची, म्हणजे ढोबळ मानाने तोळ्याची शिशी घेतली, तर एका खोक्यात ४१ शिश्या बसतात. ४१ गुणिले १२ म्हणजे ४९२. बेचाळिसावी घातली की ५०४ होतात आणि खोका नियमाबाहेर जातो. १० मिलिलिटरच्या रोल-ऑन बरोबर ५०. ३० मिलिलिटरच्या १६. आणि ५० मिलिलिटरची? एकही नाही. शिशीची हद्दच ३० ची आहे. शिशी अर्धी भरून प्रश्न सुटेल का, असे कोणी विचारील. हद्द आतल्या मालाला आहे हे खरे, पण अर्धी भरलेली शिशी गिऱ्हाईक घेणार नाही.

आमच्या परिचयाच्या व्यापाऱ्याचे नेमके इथेच चुकले. शिश्या ५० च्या होत्या. त्याच अत्तराच्या २५ किंवा ३० मिलिलिटरच्या शिश्या भरल्या असत्या आणि माल जास्त खोक्यांत विभागला असता, तर तो या सवलतीत बसला असता.

एकाच खोक्यात दोन संकेतांचा माल घातला, तर जो संकेत अधिक कडक तो साऱ्या खोक्याला लागू होतो. ई१ चे तेल आणि ई२ चे अत्तर एकत्र बांधले, तर हद्द ५०० मिलिलिटरचीच राहील, एका लिटरची नाही.

नमुने पाठवणाऱ्यांसाठी याहूनही सोपी वाट आहे. शिशीत १ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही आणि पूर्ण खोक्यात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही, असे असेल तर खोक्यावर सवलतीचे चिन्हही लावावे लागत नाही. ही वाट ई१, ई२, ई४ आणि ई५ च्या मालाला खुली आहे. पॅकिंग मात्र पक्के हवेच. बाजारात २ मिलिलिटरच्या नमुना-कुप्या सर्रास मिळतात. त्या या मापात बसत नाहीत. नमुन्यासाठी कुप्या विकत घेतानाच १ मिलिलिटरच्या घ्याव्यात.

बांधावे कसे?

सवलत कागदांत आहे, पॅकिंगमध्ये नाही. किंबहुना पॅकिंगची परीक्षा इथे अधिक कडक आहे. तीन थर हवेत. पहिला शिशीचा. तिचे झाकण तारेने, चिकटपट्टीने किंवा तशाच पक्क्या उपायाने बांधलेले हवे, म्हणजे ते आपोआप सैल होणार नाही. शिशी काठोकाठ भरू नये. दुसरा थर मधल्या डबीचा किंवा पिशवीचा. त्यात शिश्या एकमेकींवर आपटणार नाहीत असा मऊ भराव हवा. सर्व शिश्या फुटल्या तरी सगळा द्रव पिऊन टाकील इतका शोषक पदार्थ मधल्या किंवा बाहेरच्या थरात हवा. तिसरा थर बाहेरच्या मजबूत, ताठ खोक्याचा. पुठ्ठ्याचा चालेल, लाकडाचा चालेल.

असा बांधलेला खोका १.८ मीटर उंचीवरून कडक, सपाट जमिनीवर टाकला तरी आतली शिशी फुटता किंवा गळता कामा नये. टाकायचे पाच प्रकारे: तळावर, माथ्यावर, लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि कोपऱ्यावर. शिवाय त्याच मापाचे खोके ३ मीटर उंचीपर्यंत रचल्यावर खालच्या खोक्यावर जितका भार येईल, तितका भार २४ तास ठेवूनही तो टिकला पाहिजे. ही परीक्षा आपल्या गोदामात घेता येते. पाच खोक्यांचे नुकसान होईल, पण परदेशी गेलेली मागणी जाण्यापेक्षा ते स्वस्त. परीक्षेची तारीख, खोक्याचा प्रकार आणि निकाल वहीत लिहून ठेवावा.

झाकणाचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. विमान उंचीवर गेले की आतला हवेचा दाब कमी होतो. साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका. शिशीत कोंडलेली हवा फुगते आणि द्रवाला बाहेर ढकलते. दुकानात सहा महिने न गळलेली शिशी विमानात दोन तासांत गळते ती यामुळे.

खोक्यावर एक चौकोनी चिन्ह लागते. कमीत कमी १०० मिलिमीटर लांब आणि तितकेच रुंद, कडेला तिरप्या रेघांची पट्टी, रंग लाल किंवा काळा. त्यात मालाचा वर्ग लिहायचा, अत्तरासाठी ३. पाठवणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव खोक्यावर इतरत्र नसेल तर तेही त्यात येते. शिपर्स डिक्लरेशन हा मोठा फॉर्म लागत नाही. एअरवे बिलावर मात्र 'डेंजरस गुड्स इन एक्सेप्टेड क्वांटिटीज' हे शब्द आणि खोक्यांची संख्या आलीच पाहिजे.

५० आणि १०० मिलिलिटरच्या शिश्यांचे काय?

त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आहे, 'लिमिटेड क्वांटिटी'चा. दोन्ही नावे सारखी वाटतात म्हणून पुष्कळ घोटाळा होतो. या दरवाजाने गट दोनचे अत्तर एका खोक्यात १ लिटरपर्यंत जाते, म्हणजे १०० च्या १० किंवा ५० च्या २० शिश्या. गट तीनचे १० लिटरपर्यंत. खोक्याचे एकूण वजन ३० किलोच्या आत. खोका १.२ मीटरवरून टाकण्याच्या परीक्षेत उतरला पाहिजे. इथे शिपर्स डिक्लरेशन भरावेच लागते आणि ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच भरून घ्यावे. खोक्यावर 'वाय' अक्षराचे काळे-पांढरे चौकट चिन्ह, यूएन क्रमांक आणि मालाचे नाव येते. याहून मोठा माल असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या मानकाचे तपासलेले खोके वापरून गट दोनचे अत्तर प्रवासी विमानात खोक्यामागे ५ लिटर आणि मालवाहू विमानात ६० लिटरपर्यंत नेता येते. घाई नसलेला मोठा माल न्हावा शेवाहून समुद्रमार्गे पाठवणेच पुष्कळदा परवडते.

सामानात घालून नेले तर?

आखाताला जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत दोन डझन शिश्या घालून देण्याची पद्धत जुनी आहे. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी अत्तर, प्रसाधने आणि औषधे मिळून २ किलो किंवा २ लिटरपर्यंत नेता येतात. एक वस्तू अर्ध्या लिटरहून मोठी नसावी. हातातल्या सामानात द्रवाचे एक भांडे १०० मिलिलिटरचे. ही मुभा स्वतःच्या वापरासाठी आहे, व्यापारासाठी नाही. वर सांगितलेली एक्सेप्टेड क्वांटिटीची सवलत प्रवाशाच्या बॅगेला लागू होत नाही. कोणाची तरी यात्रा आपल्या मालापायी विमानतळावर अडकावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

इतर धंद्यांसाठी चार शब्द

चामड्याच्या वस्तूंचे कारागीर जो रबराचा चिकटा वापरतात त्यात ज्वालाग्राही द्रावक असतो. त्याला गटाप्रमाणे ई१, ई२ किंवा ई३ लागतो. अल्कोहोलच्या आधाराचे औषधी अर्क बहुधा ई२ मध्ये येतात. मुलामा देणाऱ्यांच्या कामातले पोटॅशियम सायनाइड ई५ मध्ये, म्हणजे एका डबीत फक्त १ ग्रॅम. गॅसच्या दाबावर चालणारे बॉडी स्प्रेचे डबे ई० आहेत. अत्तराच्या खोक्यात एक डबा भेट म्हणून घातला की सारा खोका बाद. मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यातील बांधवांनीही ऐकावे: लिथियमच्या बॅटऱ्यांना ही सवलत मुळीच नाही, आणि १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून नेण्यास बंदी आहे.

करावे काय?

आमच्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत. प्रत्येक जातीच्या मालाचे सुरक्षा पत्रक दुकानात ठेवावे. शिश्यांची मापे ठरवतानाच ३० आणि १ हे आकडे समोर ठेवावेत. खोक्याची परीक्षा एकदा नीट घेऊन तोच खोका कायम वापरावा. माल बांधण्यापूर्वी विमान कंपनीला किंवा कुरिअरला विचारावे, कारण काही कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात आणि माल नाकारण्याचा त्यांना अधिकार आहे. आणि दुकानातल्या एका हुशार मुलाला धोकादायक मालाचे प्रशिक्षण द्यावे. या सवलतीत माल बांधणाऱ्यालाही प्रशिक्षण लागतेच, आणि ते दर दोन वर्षांनी ताजे करावे लागते. एका दुकानाला खर्च जड वाटत असेल तर एका गल्लीतल्या पाच दुकानांनी मिळून एक माणूस तयार करावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोक्यावर आतले नाव खरे लिहावे. 'कॉस्मेटिक्स', 'गिफ्ट', 'सॅम्पल' हे शब्द पडदे आहेत, आणि क्ष-किरण यंत्रापुढे पडदा टिकत नाही. टिकला तर आणखी वाईट. त्या विमानाच्या वरच्या मजल्यावर कामगार, बायाबापड्या, लहान मुले बसलेली असतात. त्यांत आपलेही कोणी असते.

आमच्या परिचयाच्या त्या व्यापाऱ्यांनी आता ३० मिलिलिटरच्या शिश्या मागवल्या आहेत. गोदामाच्या जिन्यावरून खोके खाली टाकून पाहताना त्यांचा नातू हसत होता आणि ते स्वतः मोजपट्टी धरून उंची बघत होते. पहिल्या वेळी दोन शिश्या फुटल्या. भराव बदलला, झाकणांना पट्टी लावली, दुसऱ्या वेळी एकही फुटली नाही. पुढच्या रमजानचा माल त्यांनी दोन महिने आधीच बांधायला घ्यायचे ठरवले आहे. दुबईच्या दुकानदाराला त्यांनी नमुने पाठवले आहेत, एकेक मिलिलिटरचे, मोजून शंभर.